श्युप्फेनचा शेतकरी, बर्नचा मंत्री: रुडॉल्फ मिंगर यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंडमध्ये, राजधानी बर्नजवळ राहायला आल्यापासून गावाकडून फोन आला की एक प्रश्न हमखास येतो: तिथल्या शेतकऱ्याला सरकार एवढं जपतं कसं? आमच्या घरी आजही दोन वेळा डेअरीला दूध घालतात, त्यामुळे विचारणाऱ्याला उत्तर खरंच हवं असतं. ते देताना मला दरवेळी एका माणसापासून सुरुवात करावी लागते. त्याच्याबद्दल मराठीत वाचायला फारसं काही नाही, म्हणून आतापर्यंत आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

रुडॉल्फ मिंगर कोण होते?

बर्न प्रांतातले शेतकरी. 13 नोव्हेंबर 1881 रोजी म्युल्खी नावाच्या छोट्या गावात शेतकऱ्याच्याच घरी जन्म. पुढे ते सहकारी चळवळीत आले, शेतकऱ्यांचा स्वतंत्र पक्ष उभा केला, 1919 ते 1929 खासदार राहिले आणि 1930 ते 1940 अशी अकरा वर्षं स्वित्झर्लंडच्या सात जणांच्या मंत्रिमंडळात, म्हणजे फेडरल कौन्सिलमध्ये होते. 1935 साली ते देशाचे राष्ट्राध्यक्षही होते. इथे ते पद सात मंत्र्यांमध्ये एकेका वर्षासाठी फिरतं, त्यामुळे त्याला आपल्याकडच्यासारखा थाट नाही.

ते खरोखर शेती करत होते, की फक्त शेतकऱ्याच्या घरचे?

खरोखर करत होते. 1907 साली त्यांचं लग्न श्युप्फेनच्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी झालं आणि ते त्याच गावात शेती करू लागले. श्युप्फेन बर्नहून बीलला जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. गाडीच्या खिडकीतून आजही दोन्ही बाजूंना शेतं दिसतात. मधूनमधून बर्नकडच्या पद्धतीची ती प्रचंड घरं दिसतात: एकाच छपराखाली माणसं, गुरं आणि वर गवताचा माळा, आणि छप्पर इतकं खाली उतरलेलं की पावसातही ओसरीवर कोरड्यानं काम करता यावं. अशा घरातला माणूस पहाटे गोठ्यात जातो तेव्हाच त्याचा दिवस सुरू होतो. मिंगर राजधानीत मंत्री झाले तरी श्युप्फेनचं शेत सुटलं नाही आणि मंत्रिपद सोडल्यावर ते तिथेच परत गेले.

त्यांच्याआधीच्या मंत्र्यांमध्ये बहुतेक वकील, प्राध्यापक, संपादक अशी मंडळी होती. औताला हात लावून जगलेला माणूस त्या टेबलावर येणं ही 1929 सालच्या स्वित्झर्लंडमध्ये मोठी गोष्ट होती.

मग राजकारणात कसे आले?

खताच्या आणि बियाण्याच्या वाटेनं, असं मी म्हणेन. त्या काळी बर्नच्या गावागावांत शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था होत्या. खत, बियाणं, पेंड एकत्र घाऊक विकत घ्यायची, म्हणजे व्यापाऱ्याला भाव पाडून मागता येतो. मिंगर आपल्या गावच्या संस्थेत काम करू लागले आणि तिथून या संस्थांच्या प्रांतिक संघात पोहोचले. हिशेब कसा ठेवायचा, सभा कशी चालवायची, चारशे माणसांसमोर उभं राहून आपलं म्हणणं कसं पटवायचं, हे सगळं ते तिथे शिकले.

मग पहिलं महायुद्ध आलं. स्वित्झर्लंड लढाईत नव्हतं, पण धान्य मोठ्या प्रमाणावर बाहेरून येत होतं आणि युद्धात ते अडलं. 1917 च्या ऑक्टोबरात पाव रेशनवर गेला. सरकारनं धान्याचे आणि दुधाचे भाव बांधून दिले. शहरातल्या कामगाराला वाटायचं शेतकरी आपल्या भुकेवर पैसे करतो. शेतकऱ्याला वाटायचं पिकवायचं आपण, भाव ठरवायचा दुसऱ्यांनी, आणि वर शिव्याही आपणच खायच्या. दोघांच्या रागात तथ्य होतं.

या वातावरणात 24 नोव्हेंबर 1917 रोजी बर्न शहरातल्या बीअरह्युबेली सभागृहात सहकारी संघाच्या प्रतिनिधींची सभा भरली आणि तिथे मिंगर बोलायला उभे राहिले. निवडणुकीची पद्धत बदलू घातली आहे, तर शेतकऱ्यांनी आता दुसऱ्यांच्या पक्षात कोपऱ्यात बसणं सोडून स्वतःचा पक्ष काढावा, असं त्यांनी सांगितलं. स्विस राजकारणाच्या इतिहासात हे भाषण ‘बीअरह्युबेलीचं भाषण’ म्हणूनच ओळखलं जातं. ते सभागृह आजही आहे, तिथे आता संगीताचे कार्यक्रम होतात. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा दारातच थोडा वेळ थांबलो होतो. छत्तीस वर्षांचा एक शेतकरी इथे उभा राहून बोलला आणि दोन वर्षांत प्रांताचं राजकारण उलटंपालटं झालं, हा विचार मनातून जात नव्हता.

निवडणुकीच्या पद्धतीचा शेतकऱ्यांशी काय संबंध?

सगळी गोष्ट याच प्रश्नावर उभी आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

1918 पर्यंत राष्ट्रीय परिषदेच्या, म्हणजे संसदेच्या मोठ्या सभागृहाच्या निवडणुका बहुमताच्या पद्धतीनं होत. मतदारसंघात ज्याच्याकडे बहुमत, त्याच्याकडे जागा. याचा सगळा फायदा उदारमतवाद्यांच्या मोठ्या पक्षाला होत होता. त्याच पक्षात कारखानदार होते, रेल्वेवाले होते, वकील होते आणि शेतकरीही होते. शेतकरी मतं द्यायचे, पण धोरण ठरवायची वेळ आली की ऐकलं जायचं कारखानदाराचं. कारखानदाराला स्वस्त पाव हवा असतो, कारण पाव स्वस्त असला की मजुरी कमी देऊन भागतं. शेतकऱ्याला धान्याला भाव हवा असतो. एका पक्षात राहून हे दोन्ही साधणं अवघडच.

13 ऑक्टोबर 1918 रोजी देशात सार्वमत झालं आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत मोठ्या फरकानं मंजूर झाली. जितकी मतं तितक्या प्रमाणात जागा. ही मागणी सर्वांत जोरानं समाजवादी आणि कॅथलिक पक्ष करत होते, शेतकरी नव्हे. पण तिचा उपयोग कसा करायचा हे मिंगरनी आधीच हेरलं होतं. सार्वमताच्या जेमतेम दोन आठवडे आधी, 28 सप्टेंबर 1918 रोजी, बर्नमध्ये शेतकरी आणि नागरिक पक्ष स्थापन झाला. 1919 च्या पहिल्याच निवडणुकीत त्यानं बर्न प्रांताच्या 32 पैकी 16 जागा घेतल्या. अर्ध्या! मिंगर त्याच निवडणुकीत खासदार झाले. उदारमतवाद्यांनी देशातलं आपलं बहुमत तेव्हा गमावलं ते कायमचं.

नव्या पक्षाला एवढं यश एका वर्षात कसं मिळालं, असं पुष्कळ जण विचारतात. माझ्या मते त्याला कार्यकर्ते शोधावेच लागले नाहीत. गावोगावच्या सहकारी संस्थांचे चेअरमन, सचिव, हिशेबनीस आधीपासून होते. माणसं तीच राहिली, फक्त पाटी बदलली.

पक्ष फक्त शेतकऱ्यांचा होता का?

नाही. लवकरच त्यात छोटे कारागीर आणि दुकानदारही आले आणि नाव झालं शेतकरी, व्यावसायिक आणि नागरिक पक्ष. जर्मन आद्याक्षरांवरून त्याला बीजीबी म्हणत. पक्ष समाजवाद्यांचा कडवा विरोधक होता. 1918 च्या नोव्हेंबरात देशभर कामगारांचा सार्वत्रिक संप झाला तेव्हा गावाकडची जनता सरकारच्या बाजूनं उभी राहिली. संप मोडायला बोलावलेल्या सैन्यात शेतकऱ्यांची पोरं बरीच होती. ती कटुता पुढे वीस वर्षं दोन्ही बाजूंच्या मनात राहिली.

शेतकऱ्यांच्या पदरात नेमकं काय पडलं?

सर्वांत ठोस गोष्ट म्हणजे धान्य. युद्धात धान्याच्या आयातीची मक्तेदारी सरकारकडे होती. ती कायम ठेवायची का, यावर 1926 मध्ये सार्वमत झालं आणि थोडक्या मतांनी प्रस्ताव पडला. मग मधला मार्ग निघाला: आयातीची मक्तेदारी नको, पण देशात पिकलेलं धान्य सरकारनं शेतकऱ्याला परवडेल अशा भावानं विकत घ्यायचं. 1929 च्या मार्चमध्ये हे मतदारांनी मान्य केलं. हमीभावावर आपल्याकडे एवढी चर्चा होते, म्हणून हे आवर्जून सांगतो: इथे तो प्रश्न थेट लोकांच्या मतपेटीत गेला होता, एकदा हरला आणि दुसऱ्यांदा वेगळ्या रूपात जिंकला.

दुसरी गोष्ट दूध. बर्नच्या शेतकऱ्याचा खरा जीव दुधात. गावात चीज बनवायची जागा असते, तिथे सकाळ-संध्याकाळ दूध पोहोचवायचं. मी एका गावात हे पाहिलं आहे. तांब्याची भलीमोठी कढई, त्यात दूध विरजून दही धरतं, मग ते तारांच्या चौकटीनं कापतात, आणि दाणे बारीक झाले की कापडात धरून वर उचलतात. खाली उरलेलं निवळीचं पाणी पूर्वी शेतकरी परत घरी न्यायचा, डुकरांसाठी. थेंब वाया जात नसे. आता विचार करा, या चिजाची मोठी बाजारपेठ परदेशात. 1930 नंतरच्या जागतिक मंदीत निर्यात कोसळली, दुधाचा भाव घसरला आणि कर्ज काढून शेत घेतलेली कुटुंबं बुडायला लागली. तेव्हा सरकारनं दुधाच्या भावाला तिजोरीतून आधार दिला. हे एकट्या मिंगरनी केलं असं नव्हे. त्यामागे ब्रुग गावातून चालणारी स्विस शेतकरी संघटना आणि तिचे सचिव एर्न्स्ट लाउर यांचा मोठा वाटा होता. 1897 साली स्थापन झालेल्या या संघटनेचा कारभार लाउर यांनी 1898 पासून चार दशकं सांभाळला. शेतकऱ्याच्या वहीतला खर्च गोळा करून, आकडे मांडून भाव मागायचा, ही लाउर यांची पद्धत. ते आकडे संसदेत मतांमध्ये बदलायला मिंगर यांचा पक्ष होता. एकाशिवाय दुसऱ्याचं चाललं नसतं.

एवढं असून मंत्री झाल्यावर त्यांना शेतीखातं का मिळालं नाही?

कारण ते ज्यांच्या जागी आले ते कार्ल शॉयरर लष्करी खात्याचे मंत्री होते. शॉयरर 1929 च्या नोव्हेंबरात वारले. 12 डिसेंबरला संसदेनं मिंगर यांना निवडलं आणि रिकामं झालेलं खातं त्यांच्याकडे आलं. ते स्वतः सैन्यात अधिकारी होते, त्यामुळे विषय परका नव्हता. शेवटपर्यंत ते त्याच खात्यात राहिले.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शेतकऱ्यांचा हा नेता शेतीखात्यावर एक दिवसही बसला नाही. तरी शेतकऱ्यांचं काम अडलं नाही, कारण ते एका खुर्चीवर अवलंबून नव्हतं. गावची संस्था, तिच्यावर संघ, बाजूला पक्ष, आणि सातांच्या मंत्रिमंडळात एक माणूस, अशी ती उतरंड होती. वरचं मडकं काढलं तरी खालची जागेवर राहिली असती.

लष्करी मंत्री म्हणून त्यांनी काय केलं?

1930 साली युरोपात निःशस्त्रीकरणाचं वारं होतं आणि सैन्यावर पैसा खर्च करायला कोणी राजी नव्हतं. हिटलर सत्तेवर आल्यावर चित्र बदललं. 1935 च्या फेब्रुवारीत सैनिकी प्रशिक्षणाचा काळ वाढवणारा कायदा सार्वमतात 54.2 टक्के मतांनी निसटता मंजूर झाला. शेताच्या हंगामात मुलगा जास्त दिवस घरापासून दूर राहणार, हे गावांना पटवणं सोपं नव्हतं. ते काम शेतकरी मंत्र्यालाच जमण्यासारखं होतं.

1936 चं संरक्षण कर्ज हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस. सरकारनं लोकांकडे 235 दशलक्ष फ्रँक मागितले आणि लोकांनी 335 दशलक्ष दिले. देशाची लोकसंख्या तेव्हा चाळीस लाखांच्या थोडी वर, मंदी चालू, आणि त्याच सप्टेंबरात फ्रँकचं जवळपास 30 टक्के अवमूल्यन झालेलं. अशा वेळी लोकांनी मागितल्यापेक्षा शंभर दशलक्ष जास्त दिले.

30 ऑगस्ट 1939 रोजी संसदेनं आंरी गिझां यांना जनरल, म्हणजे सरसेनापती म्हणून निवडलं. त्यामागेही मिंगर यांचा आग्रह होता. गिझां फ्रेंच भाषक, वो (Vaud) प्रांताचे, आणि तेही शेती शिकलेले. दोघांचं चांगलं जमत असे.

त्यांच्यावर विनोद होते म्हणतात, ते खरं का?

खरं. त्यांची बोली बर्नची, पुस्तकी जर्मन अवघडलेली, फ्रेंच त्याहून अवघडलेली. शहरातले लोक त्यावर ‘मिंगरचे विनोद’ सांगत आणि ते देशभर पसरले. मला त्या विनोदांपेक्षा त्यांचा परिणाम लक्षात घेण्याजोगा वाटतो. विनोद गावात पोहोचले तेव्हा लोकांना हा माणूस जास्तच आपला वाटला. बोलीत बोलणारा माणूस कमअस्सल, ही समजूत जगात सगळीकडे आहे. मिंगर यांनी बोली सोडली नाही आणि सभा भरायच्या त्या तिच्यामुळेच.

त्यांना विरोध कोणाचा होता?

शहरी कामगारांचा तर होताच: शेतकऱ्याला मिळालेला प्रत्येक सेंटिम आमच्या पावातून आणि दुधातून जातो, असं ते म्हणत. हा आक्षेप बाजूला सारण्यासारखा नाही. बेकार झालेल्या घड्याळ कामगाराच्या घरी दुधाचा भाव ही खरी अडचण होती.

पण बोचरा विरोध घरातूनच आला. हान्स म्युलर नावाचे तरुण नेते ‘तरुण शेतकरी’ चळवळ चालवत. त्यांचं म्हणणं असं की पक्ष मोठ्या शेतकऱ्यांचा आणि बँकांचा होत चालला आहे, कर्जात बुडालेल्या लहान शेतकऱ्याकडे त्याचं लक्ष नाही. 1935 मध्ये मंदीवर सरकारनं मोठा खर्च करावा म्हणून कामगार संघटनांनी एक प्रस्ताव सार्वमताला आणला, तेव्हा या तरुण शेतकऱ्यांनी चक्क समाजवाद्यांच्या बाजूनं प्रचार केला. बीजीबी विरोधात होती. जूनमध्ये प्रस्ताव पडला, पण त्याला चाळीस टक्क्यांहून अधिक मतं पडली. लहान शेतकऱ्याच्या कर्जाबाबत म्युलर यांचं निदान बरोबर होतं असं मला वाटतं. तेच म्युलर पुढे पत्नी मारिया यांच्यासह स्विस सेंद्रिय शेतीचे आद्य प्रवर्तक ठरले. आज इथल्या दुकानात सेंद्रिय दूध सहज मिळतं, त्यामागे मिंगर यांच्याशी भांडलेला हा माणूस आहे.

दुसऱ्या महायुद्धात बागांमध्ये बटाटे लावले गेले, ती योजना मिंगर यांची का?

नाही. ती फ्रीडरिश ट्राउगोट वालेन या कृषितज्ज्ञांची. 1940 च्या नोव्हेंबरात त्यांनी ती जाहीर मांडली आणि युद्धाच्या काळात देशातली नांगराखालची जमीन जवळपास दुप्पट झाली. मिंगर तोवर निघण्याच्या तयारीत होते. पुढे वालेनही बीजीबीकडूनच मंत्री झाले, म्हणून ही दोन नावं एकमेकांत मिसळतात.

1940 नंतर त्यांचं काय झालं?

वर्षाअखेरीस राजीनामा देऊन ते श्युप्फेनला गेले. वय 59. त्यांच्या जागी त्याच पक्षाचे एडुआर्ड फॉन श्टायगर आले. 1942 मध्ये निर्वासितांना सीमेवरून परत पाठवण्याचं समर्थन करताना भरलेल्या नावेची उपमा देणारे ते हेच. पक्षाचा इतिहास सांगताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही. मिंगर गावात शेती बघत राहिले आणि 23 ऑगस्ट 1955 रोजी तिथेच वारले.

त्यांचा पक्ष आज आहे का?

आहे, दुसऱ्या नावानं. 1971 मध्ये बीजीबी आणि ग्लारुस व ग्राउब्युंडेन प्रांतांतले डेमोक्रॅट एकत्र येऊन स्विस पीपल्स पार्टी झाली. आज तो देशातला सर्वांत मोठा पक्ष आहे आणि त्याची ओळख स्थलांतर व युरोपीय संघ या विषयांवरच्या भूमिकेमुळे जास्त आहे. शेतकरी त्यात आहेत, पण बीअरह्युबेलीत जमलेल्यांना आजची भाषणं ओळखू आली असती का, याची मला शंका आहे.

आज शेतकरी इतके थोडे, तरी त्यांचं एवढं ऐकलं कसं जातं?

देशात सुमारे 47 हजार शेतं उरली आहेत. तरी वर्षाला अंदाजे 2.8 अब्ज फ्रँक थेट अनुदान म्हणून शेतकऱ्यांच्या खात्यात जातात. भावाला आधार देण्याऐवजी कुरणं राखणं, उतारावरची शेती, जनावरांची निगा अशा कामांसाठी पैसे द्यायचे, हा बदल 1990 च्या दशकात झाला. 1996 मध्ये शेतीचं कलम आणि 2017 मध्ये अन्नसुरक्षेचं कलम राज्यघटनेत आलं. दोन्ही वेळा 75 टक्क्यांहून अधिक मतदार बाजूनं होते. हा पाठिंबा हे पहिलं कारण.

दुसरं कारण संसदेची रचना. इथले खासदार पूर्णवेळ नसतात. वर्षातून चार वेळा साधारण तीन आठवड्यांची अधिवेशनं, बाकी दिवस आपापला धंदा. त्यामुळे गोठा सांभाळून खासदार होता येतं, अर्थात घरी कोणी धार काढणारं असेल तर. ते काम बहुतेक वेळा बायको करते, आणि स्विस स्त्रियांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला तो 1971 मध्ये. मिंगर यांच्या पिढीतल्या बायकांनी शेत सांभाळलं म्हणून पुरुष बर्नला गेले, त्यांना स्वतःला मात्र मत नव्हतं. सध्या स्विस शेतकरी संघटनेचे अध्यक्ष मार्कुस रिटर हे असेच सेंद्रिय शेती करणारे खासदार आहेत.

याचा भारताशी काही संबंध येतो का?

अलीकडे थेट आला. 10 मार्च 2024 रोजी नवी दिल्लीत भारत आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड, लिक्टेनश्टाइन या चार देशांच्या एफ्टा गटात व्यापार करार झाला. स्वित्झर्लंडच्या वतीनं सही करणारे मंत्री गी पार्मलां हे वो प्रांतातले द्राक्ष बागायतदार आणि शेतकरी, आणि बीजीबीतून झालेल्या पक्षाचेच. करारात भारतानं दूध आणि दुधाचे पदार्थ सवलतीतून बाहेर ठेवले, स्वित्झर्लंडनंही शेतमालावर मोजक्याच सवलती दिल्या. घड्याळं, औषधं, यंत्रं यांवर मात्र मोकळेपणानं देवाणघेवाण झाली. करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू आहे. त्या आठवड्यात घरून फोन आला तेव्हा वडिलांनी पहिला प्रश्न हाच विचारला, आता तिकडचं चीज इकडे येऊन आपल्या दुधाचा भाव पडणार का. नाही, दूध त्यात नाही, असं सांगितल्यावर त्यांनी त्या दिवशी लागलेली फॅट सांगितली आणि फोन आईकडे दिला.